तणनाशक निकामी कां होतें?

हरियाणांतील गव्हाच्या शेतांत ‘मंडूसी’ नांवाचें, कोंवळेपणीं गव्हासारखेंच दिसणारें तण माजतें. त्यावर आयसोप्रोट्युरॉन हें औषध कांहीं वर्षें गुणकारी ठरलें. परंतु १९९० नंतर थोड्याच वर्षांत, मात्रा वाढवूनही तण मरेना. औषध तेंच होतें. तण बदललें होतें. एकाच तणाचीं सर्व रोपें सारख्या प्रकृतीचीं नसतात. एखादें रोप जात्याच औषध पचवितें. दरसाल तेंच औषध मारिल्यानें दुबळीं मरतात, चिवट उरतात व त्यांचेंच बीं शेतांत पडतें. भातामागून गहूं हाच क्रम जेथें अखंड चालला, तेथें हा उपद्रव अधिक झाला. म्हणून शेतकरी बंधूंनीं निरनिराळ्या वर्गांचीं औषधें आलटून पालटून वापरावींत, पिकांची फेरपालट करावी आणि फवारणीनंतर वांचलेलें रोप बीं धरण्यापूर्वींच उपटावें.