यॉटमास्टर कोस्टल : खर्च किती आणि तो कुठे होतो?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हॅम्बल किंवा लिमिंग्टनला शनिवार-रविवारी शिडाची बोट चालवायला येणारी मराठी मंडळी आता बरीच भेटतात. रॉयल यॉटिंग असोसिएशनचं (आरवायए) डे स्किपर प्रमाणपत्र मिळालं की त्याच्या वरच्या प्रमाणपत्राविषयी त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘यॉटमास्टर कोस्टलपर्यंत जायला किती पैसे लागतील?’ डे स्किपर हाताशी आहे असं धरून हिशेब मांडतो. दर संस्थेगणिक आणि हंगामागणिक बदलतात, त्यामुळे आकडे ढोबळच समजावेत.

सुरुवात थिअरीपासून. आरवायएचा चाळीस तासांचा हा कोर्स ऑनलाइन केला तर २५० ते ४०० पौंडांत होतो. सरावाचे नकाशे आणि पुस्तकं बहुधा त्यातच मिळतात; डिव्हायडर आणि प्लॉटर मात्र वेगळे घ्यावे लागतात. हा खर्च मला सगळ्यात वसूल झालेला वाटतो, आणि त्याचं कारण भरती-ओहोटी. कोकणात उधाण आणि भांग हे शब्द ऐकत वाढलेल्याला अमावास्या-पौर्णिमेचं गणित शिकवावं लागत नाही. पण सोलेंटचं, म्हणजे हॅम्बल-लिमिंग्टनसमोरच्या सामुद्रधुनीचं पाणी वेगळं आहे. साउदॅम्प्टनला भरती दोनदा माथा गाठते. सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्शांनी चढतं, हा सोपा नियम इथे लावला तर बोट गाळात रुतेल. स्वॉनेज ते सेल्सी या पट्ट्यासाठी खास आलेख आहेत आणि ते भरतीच्या नव्हे, ओहोटीच्या वेळेवरून वाचायचे असतात. हे घरी टेबलाशी बसून, चुका करत शिकणं स्वस्त पडतं. बोटीवर त्याच चुकीची किंमत कितीतरी जास्त असते.

व्हीएचएफ रेडिओचा परवाना आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र या दोन्हींशिवाय परीक्षेला बसता येत नाही. दोन्हींचे मिळून अडीचशे पौंड धरा.

त्यानंतर पाच दिवसांचा कोस्टल स्किपर प्रॅक्टिकल कोर्स, ६५० ते ९५० पौंड. त्याआधी १५ दिवस, ३०० सागरी मैल आणि रात्रीचे ८ तास गाठीशी असावेत अशी अपेक्षा असते. हा कोर्स टाळून पैसे वाचवायचा मोह होतो, पण कोर्स टाळू नका. यॉटमास्टर कोस्टलच्या परीक्षेसाठी ३० दिवस आणि ८०० मैल लागतात. कोस्टल स्किपरचं प्रमाणपत्र असेल तर २० दिवस आणि ४०० मैल पुरतात. रात्रीचे १२ तास आणि स्किपर म्हणून २ दिवस मात्र दोन्हीकडे हवेतच.

खरा खर्च आहे तो या मैलांचा. चौघांनी मिळून ३५ फुटी बोट शनिवार-रविवारसाठी भाड्याने घेतली, तर माणशी दोनशे-अडीचशे पौंड जातात आणि पदरात जेमतेम साठ-सत्तर मैल पडतात. त्यापेक्षा एखाद्या क्लबाचं सभासदत्व घ्या आणि दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जा. जेवणाचा आणि धक्क्याचा वाटा दिला की झालं. निम्मे मैल भरती-ओहोटीच्या पाण्यातले असावे लागतात, म्हणून ग्रीसमधल्या सुट्टीवर सगळी भिस्त ठेवता येत नाही. मुंबईच्या समुद्रातले मैल चालतात, पण बोट किमान ७ मीटरची हवी आणि अनुभव गेल्या १० वर्षांतला हवा.

रात्रीच्या तासांत कंजूषी करू नका. माझी पहिली रात्र यार्मथच्या बाहेर गेली. किनाऱ्यावरच्या दिव्यांच्या गर्दीत बोयाचा दिवा शोधायचा होता. दिवसा नकाशावर पाठ केलेलं सगळं अंधारात हरवलं. धोक्याची बाजू दाखवणाऱ्या बोयांपैकी पूर्वेचा तीनदा लुकलुकतो, दक्षिणेचा सहादा आणि वर एक लांब, पश्चिमेचा नऊदा. म्हणजे घड्याळाचेच आकडे. मी मोठ्याने मोजत होतो आणि तिसऱ्या खेपेला नऊ पुरे झाले. तोवर हाताखालचं सुकाणू घामाने ओलं झालं होतं. पुस्तक कितीदाही वाचलं असतं तरी ही मोजणी अंगात मुरली नसती.

परीक्षेआधी बहुतेकजण तयारीचा आठवडा घेतात, ८०० ते १००० पौंड. परीक्षेची फी वेगळी, २०० ते ३०० पौंड. एकटा उमेदवार असेल तर परीक्षा ६ ते १० तास चालते. मैलांचा खर्च सोडून सगळी बेरीज साधारण २१५० ते २९०० पौंडांवर जाते.

पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या : धक्क्याचं भाडं आणि डिझेल फीमध्ये आहे का, रात्रीचं जेवण कोणाकडे, बोटीवर विद्यार्थी किती, पावसाळी कपडे मिळतात का. माझ्या पहिल्या कोर्सला ‘सगळं धरून’ असं सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी धक्का आणि डिझेलचे ऐंशी पौंड वर मागितले. विद्यार्थी चारपेक्षा जास्त असतील तर दुसरी संस्था बघा, कारण सुकाणू हातात येण्याचे तास तेवढे कमी होतात. शून्यापासून काही आठवड्यांत यॉटमास्टर करून देणारे एकरकमी पॅकेज नोकरीसाठी घाईत असलेल्याला ठीक. हौसेने शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. ते पैसे दोन हंगामांच्या मैलांवर घाला.

थिअरीला नोव्हेंबरात नाव नोंदवा, म्हणजे एप्रिलमध्ये समुद्रावर उतरता येईल. आणि मैलांची वही आजपासूनच ठेवा : तारीख, बोटीचं नाव आणि लांबी, मैल, रात्रीचे तास. बोटीवरून उतरण्याआधी स्किपरची सही घ्या. सहा महिन्यांनी तो माणूस शोधत बसावं लागतं.