उचल घेतलेला माणूस काम थांबवत नाही

अणुप्रकल्पाच्या जागेचं सर्वेक्षण म्हटलं की आमच्या चकलांब्यात पहिली भीती किरणांची. मी बोअरच्या टोळीबरोबर हेल्पर म्हणून निघालो तेव्हा चुलतीनं हेच बजावलं होतं. जैतापूर प्रकल्पासाठी राजापूर तालुक्यातल्या माडबनचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, निवडला गेला; तिथं १७३० मेगावॅटच्या ६ अणुभट्ट्यांची योजना आहे. पण सर्वेक्षणाच्या वेळी अशा जागेवर अणुइंधनाचा कणही नसतो. असतात रिग, खड्डे, उन्हानं तापलेला कातळ आणि पोटासाठी लांबून आलेली माणसं.

तशाच एका सड्यावर आमच्या टोळीतल्या पोराची बोटं गेली. जमिनीची घट्टी तपासायला ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून रॉडच्या डोक्यावर सोडतात. दर १५ सेंटिमीटरला किती ठोके लागले ते मोजायचं, म्हणून रॉडवर खडूच्या खुणा असतात. चिखलानं खूण पुसली, ती काढायला तो वाकला, आधाराला एक हात रॉडच्या डोक्यावर ठेवला आणि विंचवरची भिजलेली दोरी सटकली. दोरी घसरतेय हे तो सकाळपासून जोडीदाराला सांगत होता. वर कुणाला बोलला नाही. मुकादमाची उचल अंगावर होती. काम बंद पाडलं तर ती फिटायची कशी?

त्या जागेची धोका-तपासणी कागदावर झालेली होती. हेल्मेट, बूट, हातमोजे, सगळ्यांपुढं बरोबरच्या खुणा. उचलीचा रकाना मात्र नव्हता. माझ्या मते सगळ्यात मोठा धोका तोच. म्हणून तपासणी करणाऱ्या इंजिनिअरला माझं कळकळीचं सांगणं आहे: रोज सकाळी रिगपाशी उभं राहून दोरीवाल्याला आणि खडूवाल्याला विचारा, आज कशाची भीती वाटते? आणि काम थांबवलं म्हणून हजेरी कापणार नाही, हे मुकादमासमोर बोला.

इतर धोकेही आहेतच. कोकणच्या कातळावर सापांपैकी फुरसं असतं. हातभर लांबीचं, म्हणून लोक हसण्यावारी नेतात; पण त्याच्या विषानं रक्त गोठत नाही. चावलं तर जखम चिरू नका, आवळून बांधू नका. प्रतिविष कोणत्या दवाखान्यात आहे आणि रात्री मुक्कामावर गाडी थांबते का, हे पहिला बोअर मारण्याआधी ठरलेलं हवं. दीड मीटरहून खोल खड्ड्यात फळ्यांच्या आधाराशिवाय उतरू नका. वीज कडाडू लागली की रिगपासून दूर व्हा.

किरणांचा खरा प्रश्न एकाच ठिकाणी येतो. खडकाची घनता मोजायला बोअरमध्ये कधी किरणोत्सारी स्रोत सोडतात. त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि किरणं मोजणारा बिल्ला लावलेला प्रशिक्षित माणूसच तो हाताळतो. अडकला तर ओढायला जाऊ नका, लांब व्हा. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या किरणोत्सारी कोबाल्टमुळे एक कामगार दगावला. हातात काय आलंय हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

गावातून निघणाऱ्यांना आणखी एक सांगतो. आमच्या पोराचं नाव मुकादमाच्या वहीत होतं, ठेकेदाराच्या हजेरीपटावर नव्हतं, आणि भरपाई मागताना सगळं तिथंच अडलं. पहिल्याच दिवशी हजेरीपटावर आपलं नाव बघा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो घरी पाठवून द्या.