चार संग्रहवस्तू आणि आपली वस्ती

जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, वर्षावासातील ग्रंथवाचन या निमित्तांनी आपण एकत्र येतो. परंतु एकत्र येणे वेगळे आणि एकत्र राहणे वेगळे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत खांद्याला खांदा लावून चालणारी माणसे मे महिन्यात एकाच नळावर भांडतात. रात्री-अपरात्री शेजारच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायची वेळ आली की कोणाचे दार ठोठवावे हे सुचत नाही. समाज टिकतो तो कशाने, याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी धम्मातील एक उपदेश आणि आपल्या खान्देशातील तीन उदाहरणे आम्ही घेतली आहेत.

हत्थकाचे उत्तर

अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात आळवी नगरीच्या हत्थक नावाच्या उपासकाची कथा आहे. तो पाचशे उपासकांसह भगवंतांच्या भेटीस आला. एवढा मोठा समुदाय तू कसा सांभाळतोस, असे भगवंतांनी त्याला विचारले. हत्थकाने सांगितले की, आपणच शिकविलेल्या चार संग्रहवस्तूंनी सांभाळतो. त्या चार अशा: दान, प्रियवचन, अर्थचर्या आणि समानात्मता. संग्रह म्हणजे येथे साठा नव्हे. माणसांना धरून ठेवणे, जोडणे. अर्थचर्या म्हणजे दुसऱ्याच्या हिताचे, उपयोगी पडणारे काम करणे. समानात्मता म्हणजे सर्वांना आपल्या बरोबरीचे मानून वागणे.

हत्थकाने पुढे आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली. आपल्या घरी संपत्ती आहे. गरिबाचे म्हणणे लोक अशा प्रकारे ऐकत नाहीत, असे तो म्हणाला. आपल्या अभ्यासाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. ज्या वस्तीत कोणीच हत्थकासारखा धनवान नाही, तिने काय करावे?

फडाचा पाट

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धतीचे सिंचन तीन-चारशे वर्षे चालत आले, असे अभ्यासक मानतात. नदीत आडवा दगडी बंधारा घालायचा, त्याच्या बाजूने कालवा काढायचा, कालव्यातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून सारंग काढून पाणी शेतापर्यंत न्यायचे. जास्तीचे पाणी सांडीवाटे पुन्हा ओढ्यात किंवा नदीत जाते. पंप नाही, यंत्र नाही. जमिनीचा उतार हेच यंत्र.

खरी गंमत वाटपात आहे. भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडीत, तेच फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. कोणत्या फडात काय घ्यायचे हे शेतकरी एकत्र बसून ठरवीत. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी जमीन प्रत्येक फडात असावी अशी मूळ मांडणी होती. त्यामुळे पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला तरी नुकसान एकाच्या माथी येत नसे, सर्वांच्या वाट्याला थोडेथोडे येई. पाणी शेतकऱ्याने स्वतः फोडून घ्यायचे नाही. ते काम पाटकऱ्याचे. राखणीसाठी जागल्या. त्यांचा मोबदला जमिनीच्या प्रमाणात सर्वांनी द्यायचा, आणि पावसाळ्यापूर्वी कालव्यातील गाळ काढण्यास घरटी माणूस पाठवायचा.

दान, प्रियवचन, अर्थचर्या या तिन्ही वस्तू या पद्धतीत कामाच्या रूपाने दिसतात. गाळ काढणे हे श्रमाचे दान, एकत्र बसून पीक ठरविणे हे प्रियवचन, पाटकऱ्याचे नि:पक्षपाती पाणी ही अर्थचर्या. पुढे नद्यांवर वरच्या बाजूला धरणे झाली, विहिरींवर पंप आले आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडकळीस आले.

मात्र चौथी वस्तू येथे अपुरी होती, हेही विद्यार्थ्यांनी नोंदवून ठेवावे. पाण्याचा विचार करणारे ते पाणी घेणारे, म्हणजे जमीनवाले. ज्याच्या नावे जमीन नाही त्याला त्या बैठकीत आवाज नव्हता. आपल्या आजे-पणजोबांपैकी बहुतेक जण त्या बाहेरच्या माणसांतच होते. म्हणून फडाची रीत घ्यावी, पण तिच्या बैठकीची चौकट तशीच उचलू नये.

चाळीसगावचा टांगा

समानात्मता नसली म्हणजे काय होते, हे चाळीसगावने पाहिले आहे. मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब १९२९ साली खान्देशात फिरत होते. २३ ऑक्टोबरला ते धुळ्याकडून चाळीसगावला आले. महारवाड्यातील लोकांनी आग्रहाने थांबवून घेतले. महारवाडा स्टेशनापासून सुमारे दोन मैलांवर, वाटेत नदीवरचा पूल. एवढ्या मोठ्या माणसाला पायी न्यावे हे लोकांच्या मनाला पटेना. पण टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकण्यास तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी: टांगा भाड्याने द्यायचा, हाकायला माणूस तुमचाच. वस्तीतला एक जण पुढे झाला. त्याने टांगा कधी हाकला नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा व टांगा नदीत पडला. त्यांच्या पायाचे हाड मोडले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी ही हकिगत लिहून ठेवली आहे.

या प्रसंगातील दोष अस्पृश्यतेचा, त्याबद्दल दुमत नाही. पण अभ्यासक म्हणून आणखी एक गोष्ट पाहू. त्या दिवशी वस्तीजवळ प्रेम होते, भाड्याचे पैसे होते, पुढे होणारा माणूसही होता. नव्हते ते एक साधे कसब, कारण त्या धंद्याची दारे जातीने बंद केली होती. म्हणून आपल्या माणसाच्या हातचे कसब ही आपल्यासाठी केवळ पोटापाण्याची बाब नाही. तो स्वाभिमानाचा आणि प्रसंगी जिवाचा प्रश्न आहे. आता दारे पुष्कळ उघडली आहेत. आपल्या वस्तीत गाडी चालविणारे, वायरमन, परिचारिका, गवंडी, शिक्षक आहेत. पण कोण कोठे राहतो आणि कोणाला काय येते हेच आपल्याला ठाऊक नसेल, तर ते कसब असून नसल्यासारखे.

बारीपाड्याची भाजी

असलेले मोजून पाहिले की काय होते, याचे उदाहरण साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याचे आहे. उजाड डोंगर आणि पाण्याची टंचाई अशी तेथली स्थिती होती. १९९० च्या दशकात चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने लोकांनी स्वतःचे नियम केले, तोडणाऱ्याला दंड ठरविला, पाळीने राखण केली, श्रमदानाने दगडी बांध व समतल चर काढले. चारशेहून अधिक हेक्टर जंगल पुन्हा उभे राहिले, विहिरींना पाणी आले. चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

आमच्या दृष्टीने तेथील वनभाज्यांची स्पर्धा विशेष लक्षणीय आहे. कोणती रानभाजी केव्हा उगवते, ती कशी निवडायची व शिजवायची, हे ज्ञान बायकांपाशी पूर्वीपासून होते. कोणी त्याला ज्ञान म्हणत नव्हते. गावाने ते पंगतीत मांडले, तेव्हा ते गावाचे धन झाले. हत्थकापाशी जी संपत्ती होती, तिची जागा गरीब वस्तीत अशा गोष्टींनी भरून निघते.

आपल्या वस्तीत काय करता येईल

साधने साधीच हवीत. वही, फळा आणि फोन एवढी पुरतात.

१) कसबाची वही. घरोघर जाऊन तीन प्रश्न विचारावेत: तुम्हाला काय येते? ते दुसऱ्याला शिकवाल का? तुमच्याकडची कोणती वस्तू इतरांना वापरता येईल? शिडी, मोठी पातेली, सतरंज्या, शिलाई मशीन, सारे लिहावे. म्हाताऱ्या बायांना आधी विचारावे. ‘मला काही येत नाही’ असे त्या म्हणतील. तेथे थोडे थांबून बसावे.

२) विहाराचा फळा. रात्री गाडी काढू शकणाऱ्या दोघांची पाळी दर आठवड्याला फळ्यावर लिहावी. पाटकऱ्याप्रमाणे पाळी ठरलेली असली की कोणावर उपकार होत नाही आणि मागणाऱ्याला संकोच वाटत नाही.

३) निरोपाचा गट. मोबाइलवरील गटात शुभेच्छा आणि चित्रे एवढी येतात की खरा निरोप त्यात हरवतो. म्हणून केवळ निरोपासाठी एक वेगळा गट ठेवावा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या घरी कोणी निरोप द्यायचा, तेही वहीत लिहावे.

४) उघडा हिशेब. बँकेच्या टेबलावर बसून आम्ही अनेक मंडळांची खाती पाहतो. मंडळे पैसा कमी म्हणून क्वचित मोडतात. हिशेब एकाच्या खिशात राहिला म्हणजे मोडतात. खाते संस्थेच्या नावाने, सह्या दोघांच्या, प्रत्येक रुपयाला पावती, आणि महिनाअखेरची शिल्लक फळ्यावर. नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. दहा-वीस बायांचा गट थोड्याथोड्या रकमेवर उभा राहतो तो याच शिस्तीमुळे: ठरलेला दिवस, सर्वांसमोर मोजलेले पैसे, सर्वांसमोर लिहिलेली वही.

५) बैठकीतील जागा. भाडेकरू, नव्याने आलेले कुटुंब, विधवा, शिकणारी मुलगी या सर्वांना बोलण्याची पाळी मिळालीच पाहिजे. फडाच्या बैठकीत जे आपल्या वाट्याला आले, ते आपण दुसऱ्याच्या वाट्याला आणू नये. चौथी संग्रहवस्तू पाळली गेली तरच पहिल्या तीन खऱ्या ठरतात.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१) चार संग्रहवस्तू सांगून प्रत्येकीचे आपल्या गल्लीतील एक उदाहरण लिहा.
२) प्रत्येक फडात प्रत्येकाची जमीन असल्याने टंचाईच्या वर्षी काय साधत असे?
३) चाळीसगावच्या प्रसंगात वस्तीजवळ काय होते आणि काय नव्हते?
४) आपल्या आजीला येणारी, पण घरात दुसऱ्या कोणाला न येणारी एक गोष्ट विचारून घ्या व ती शिकण्यास सुरुवात करा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहावे, आणि पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात वाचून दाखवावे, अशी आमची सर्व विद्यार्थ्यांना विनंती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!