घटक ५ : मिरवणुकीचे वर्णन – पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमानलेले

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• मिरवणुकीचे वर्णन लिहिताना प्रत्यक्ष पाहिलेले, इतरांकडून ऐकलेले आणि स्वतः अनुमान केलेले यांत भेद करता येईल.
• हा भेद दाखविणारी मराठीतील क्रियारूपे व शब्द ओळखता व वापरता येतील.
• एका दिवसाच्या क्षेत्रभेटीवर आधारित वृत्तांत लिहिता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, देऊळ, वाडा किंवा बाजार यांचे वर्णन करताना वर्ण्य वस्तू बहुधा एका जागी असते; पुन्हा जाऊन ती पाहता येते. मिरवणुकीचे तसे नाही. ती चालत असते आणि पाहणारा गर्दीत एका ठिकाणी उभा असतो. समोरून जे गेले तेवढेच त्याला दिसते. आरंभ व शेवट तो इतरांकडून ऐकतो आणि प्रतीकांचा अर्थ पुष्कळदा स्वतःच लावतो. वर्णन लिहिताना मात्र या तिन्ही गोष्टी एकाच ठाम ‘आहे’मध्ये मिसळून जातात. त्यातून केवळ शैलीचा दोष निर्माण होत नाही; एखाद्या व्यक्तीवर वा समाजावर अन्यायही होऊ शकतो.

५.३ बाहेरच्या पाहुण्याची नजर : सेव्हिल

स्पेनमधील सेव्हिल शहरात ईस्टरपूर्वीच्या पवित्र आठवड्यात धार्मिक बंधुमंडळांच्या मिरवणुका निघतात. येशूच्या दुःखभोगाचे प्रसंग व शोकमग्न मरियेच्या मूर्ती मिरविणाऱ्या भव्य चौथऱ्यांना तेथे ‘पासो’ म्हणतात. तो वाहणारे लोक पडद्याआड असतात. त्यामुळे पासो आपोआप चालतो आहे, असा भास होतो. त्याच्या पुढेमागे पायघोळ अंगरखे आणि चेहरा झाकणाऱ्या उंच, निमुळत्या टोप्या घातलेले लोक चालतात.

या टोप्या प्रथमच पाहणाऱ्या अनेकांना अमेरिकेतील कु क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेची आठवण होते. प्रत्यक्षात स्पेनमधील ही प्रथा त्या संघटनेहून जुनी आहे. तिचे नाते प्रायश्चित्ताशी आहे : प्रायश्चित्त करणारा कोण, हे लोकांना कळू नये म्हणून चेहरा झाकायचा. ‘टोपी निमुळती होती’ हे निरीक्षण होय. ‘टोपी पाहून भीती वाटली’ हा अनुभव होय. ‘हे लोक वर्णद्वेषी आहेत’ हे मात्र चुकीचे अनुमान होय.

५.४ आपल्या जवळची मिरवणूक : नागपूरची मारबत

अशा निरीक्षणासाठी आपणांस स्पेनला जाण्याची आवश्यकता नाही. बोरगाव मेघे येथील विद्यार्थी सकाळी वर्धा स्थानकावरून रेल्वेने निघाला, तर सुमारे ८० किलोमीटरवरील नागपुरात मारबतीची मिरवणूक पाहून त्याच दिवशी परत येऊ शकतो. वाटेत सिंदी (रेल्वे) लागते. तेथील तान्हा पोळा प्रसिद्ध आहे.

ईस्टरची तारीख जशी वसंतातील पौर्णिमेवरून ठरते, तशीच मारबतीची तिथीही चंद्रावर अवलंबून असते. श्रावण अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मारबत. म्हणून जाण्यापूर्वी पंचांग अवश्य पाहावे.

नागपुरात काळी व पिवळी अशा दोन मोठ्या मारबती निघतात आणि इतवारी परिसरात त्यांची भेट होते. काळीची परंपरा १८८१पासूनची व जागनाथ बुधवारीतील पिवळीची १८८५पासूनची सांगितली जाते. त्यांच्यासोबत ‘बडगे’ असतात. महागाई, भ्रष्टाचार यांसारख्या चालू विषयांवर टीका करणारे हे पुतळे होत. रोगराई व पीडा घेऊन जाण्याची आरोळी देत मारबत नेली जाते आणि शेवटी तिचे दहन होते. प्रमाण मराठीत ‘बडगा’ म्हणजे सोटा. नागपुरात त्या शब्दाला हा वेगळा अर्थ आहे. असे स्थानिक शब्द वर्णनात आहेत तसेच ठेवावेत.

५.५ ‘आहे’ आणि ‘असे सांगतात’

काळी मारबत कोणाची? ती बाकाबाई भोसले यांची, असे पुष्कळ लोक सांगतात. त्यांनी इंग्रजांशी संधान बांधले म्हणून जनतेने हा निषेध सुरू केला, असे त्याचे कारण दिले जाते. काही जण मात्र ती पूतना राक्षसीची मानतात. शिवाय, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पीडा गावाबाहेर घालविण्याची प्रथा विदर्भातील खेड्यांतही आहे.

इतिहासातून आपणांस एवढे ज्ञात आहे : बाकाबाई या दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या पत्नी. १८१७च्या सीताबर्डीच्या युद्धानंतर आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले आणि अल्पवयीन तिसऱ्या रघूजींना गादीवर बसविण्यात आले. त्यांच्या वतीने बाकाबाई होत्या. प्रत्यक्ष सत्ता इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स याच्या हाती होती. १८५४मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले.

आता ही दोन वाक्ये पाहा :
(अ) काळी मारबत म्हणजे देशद्रोही बाकाबाईचा पुतळा आहे.
(आ) काळी मारबत बाकाबाईंचा पुतळा आहे, असे सांगतात.

वाक्य (अ) लिहिणारा मिरवणुकीचे वर्णन करीत नाही. तो निकाल देतो. ज्या स्त्रीला उत्तर देता येत नाही, तिच्यावरील आरोप तो स्वतःच्या नावावर घेतो. वाक्य (आ)मध्ये लोकसमजूत पूर्णपणे नोंदली जाते, मात्र तिची जबाबदारी सांगणाऱ्यांकडे राहते. लोककथा गाळावी, असा याचा अर्थ नव्हे. ती कोणाच्या तोंडची आहे, हे क्रियापदाने सांगावे.

५.६ मराठीतील साधने

१) प्रत्यक्ष पाहिलेले : साधा भूतकाळ. ‘काळी मारबत चौकातून पुढे सरकली.’
२) ऐकलेले : ‘असे सांगतात’, ‘असे मानले जाते’, ‘म्हणे’. यांतील ‘म्हणे’ लिंगवचनानुसार बदलत नाही. ‘ती मारबत फार जुनी आहे म्हणे’ या वाक्यात ऐकीव माहितीबरोबर किंचित अविश्वासही सूचित होऊ शकतो. म्हणून वृत्तांतात ‘असे सांगतात’ अधिक तटस्थ ठरते.
३) अनुमानलेले : ‘दिसते’, ‘असावे’, ‘असणार’. ‘रस्ता ओला आहे, पाऊस पडून गेलेला दिसतो’ यात डोळ्यांसमोर पुरावा आहे. ‘मिरवणूक लांब असावी’ हा तर्क आहे. ‘मिरवणूक लांब असणार’ यात खात्री अधिक आहे.

५.७ नमुना उतारा

पुढील उतारा अभ्यासासाठी रचलेला आहे : “चौकात उभे राहायला जागा नव्हती. प्रथम एक बडग्या आला. त्याच्या गळ्यात रिकाम्या गॅस सिलिंडरचे चित्र होते. तो महागाईवरचा असावा. मागोमाग पिवळी मारबत आली. शेजारच्या आजी हात जोडून म्हणाल्या, ‘हे आपली राखण करते, बाई.’ काळी मात्र पीडा घेऊन जाते, असे त्यांनी सांगितले.”

यात ‘आला’, ‘आली’ ही निरीक्षणे. ‘असावा’ हे अनुमान. आजींचे बोलणे ही ऐकीव माहिती. पिवळीचा अर्थ लेखकाने ठरविलेला नाही. तो आजींच्या मुखातून आला, म्हणून अधिक विश्वसनीय वाटतो.

५.८ सारांश

मिरवणूक पाहणाऱ्याला तिचा एक भागच दिसतो. उरलेला भाग तो ऐकतो किंवा तर्काने भरून काढतो. चांगले वर्णन हे तिन्ही भाग वापरते, पण त्यांच्या सीमा पुसत नाही. मराठीने त्यासाठी पुरेशी साधने दिली आहेत. लिहिताना ती जाणीवपूर्वक वापरणे, हे लेखकाचे कर्तव्य आहे.

५.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१) ‘पालखी उशिरा निघाली म्हणे’ आणि ‘पालखी उशिरा निघालेली दिसते’ यांतील अर्थभेद स्पष्ट करा.
२) वाक्य (अ)मधील ‘देशद्रोही’ हे विशेषण काढले, तरी वाक्य सदोष का राहते?
३) क्षेत्रकार्य : आपल्या गावातील वा जवळच्या शहरातील कोणतीही मिरवणूक एका जागी उभे राहून पाहा. वहीच्या पानाचे तीन रकाने करून ‘पाहिले’, ‘ऐकले’, ‘वाटले’ अशा नोंदी करा. ज्यांचे बोलणे नोंदविणार, त्यांची अनुमती घ्या. त्याआधारे ३०० शब्दांचा वृत्तांत लिहा. लेखन झाल्यावर प्रत्येक ‘आहे’ अधोरेखित करा आणि तो कोणत्या रकान्यातून आला, हे पडताळून पाहा.