मैदानाचे पुन्हा खाजण

गोल्फचे हिरवेगार मैदान म्हणजे निसर्गच, असे तुम्हाला वाटेल. पण अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सँटा बार्बराजवळ १९६५ साली पठाराची माती खणून डेव्हरो खाजणाचा वरचा भाग बुजवला आणि त्यावर असे मैदान केले. पाण्याला पसरायला जागाच उरली नाही.

२०१३ मध्ये मैदान बंद झाले. तेथे नुसती रोपे लावून का भागले नाही? खाजणातील वनस्पतींना अधूनमधून खाऱ्या पाण्याखाली जाणारी सखल जमीन लागते. म्हणून २०१७ मध्ये भरावाची माती उपसून पुन्हा पठारावर नेली. मग स्थानिक रोपे लावली. पाणी पसरले, पक्षी परतले. आसपासच्या घरांना पुराचा धोकाही कमी झाला. आज तेथे कोणालाही फिरता येते.

तुमच्या गावात एखादे बुजवलेले तळे आहे काय? तेथले पाणी पावसाळ्यात कोठे जाते, ते पाहा.