समुद्रांतील शेवाळ व दीर्घायुष्य

जपानी लोक समुद्रांतील शेवाळ खातात म्हणून शंभरी गाठतात, अशा मजकुराच्या जाहिराती हल्लीं वारंवार दृष्टीस पडतात. शेवाळाच्या गोळ्याही चढ्या भावानें विकल्या जातात. आमचें सारें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेल्यामुळें आंकड्याची फोड केल्याखेरीज आम्हांस चैन पडत नाहीं. म्हणून या विषयाची थोडी छाननी करीत आहों.

शेवाळ आपणांस अगदींच परकें नाहीं. घरीं चीक नसतां ज्याचा खरवस करतात, तें चायना ग्रास समुद्रांतील तांबड्या शेवाळापासूनच काढतात. जपानांत मात्र शेवाळास रोजच्या ताटांत स्थान आहे. नोरीचे पापडासारखे पातळ ताव भाताभोंवतीं गुंडाळतात. कोंबू पाण्यांत उकळून तें पाणी सारास वापरतात.

त्याचा गुण मुळींच नाहीं असें नव्हे. ४० ते ६९ वयाच्या ८६ हजारांवर जपानी स्त्रीपुरुषांच्या पाहणीचा निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. जवळजवळ रोज शेवाळ खाणाऱ्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्या कोंदण्याचा विकार, क्वचित् खाणाऱ्यांच्या मानानें, पुरुषांत सुमारें २४ व स्त्रियांत सुमारें ४४ टक्क्यांनीं कमी आढळला. पक्षाघातांत मात्र फरक दिसला नाहीं. शिवाय असे लोक भाजीपाला व मासळीही अधिक खातात. तेव्हां सारें श्रेय शेवाळाच्या खातीं जमा करतां येत नाहीं.

जाहिरातींत ओकिनावा बेटाचें नांव हटकून असतें. पण तेथील १९४९ सालच्या आहाराची नोंद काय सांगते? माणशीं रोज शेवाळ सुमारें १ ग्रॅम, आणि रताळीं जवळजवळ ८५० ग्रॅम! एकंदर उष्मांकांपैकीं दोनतृतीयांशांहून अधिक रताळ्यांतून येत. जें पीक आपण उपासापुरतें बांधाकडेला लावतों, तेंच त्यांचें मुख्य अन्न होतें. वर शेतांतील श्रम आणि बेताचें जेवण. पुढें तेलकट व मांसाचे पदार्थ वाढले, चालणें घटलें. जपानच्या ४७ प्रांतांत पुरुषांच्या आयुर्मानाच्या बाबतींत १९९५ सालीं चौथें असलेलें ओकिनावा २००० सालीं २६ वें झालें. या काळांत तेथें शेवाळाचा तुटवडा नव्हता. उलट मोझुकू नांवाच्या शेवाळाची लागवड तेथें वाढली होती. एका शेताचें पीक पाहून साऱ्या गांवची आणेवारी ठरविण्यासारखा हा जाहिरातींचा प्रकार आहे.

आतां अपायाविषयीं. प्रौढ माणसास दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतें, व तें आपणांस मिठांतून मिळतें. सुक्या कोंबूच्या एका ग्रॅमांतच याच्या दसपट किंवा अधिकही असूं शकतें. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा विकार असणारांनीं वैद्यास विचारल्यावांचून असलें शेवाळ किंवा त्याच्या गोळ्या घेऊं नयेत. हिजिकी नांवाच्या शेवाळांत तर सोमल इतका आढळला कीं, तें खाऊं नये असा सल्ला ब्रिटनच्या अन्नखात्यानें २००४ सालीं दिला. किनाऱ्याजवळच्या वाचकांनींही, खाडींत कारखान्यांचें सांडपाणी येत असेल तेथलें शेवाळ घरीं आणूं नये. पाण्यांतील विषारी धातु तें आपल्यांत सांठवून ठेवतें.