कितीने हरलात, ते सांग

अगं, काल फोन ठेवता ठेवता तू जे म्हणालीस, ते रात्रभर मनातून जाईना. "ताई, आमच्या टीममध्ये दमच नाही." आठ सामने, चार हरले, झालं, निकाल लावून मोकळी! मी विचारलं, "कितीने हरलात?" तर वैतागलीस. "हरलो ते हरलो. एकने काय, वीसने काय."

नाही गं. एकने आणि वीसने यांत फार फरक असतो. आज तेवढंच सांगायला बसलेय. हाताशी वही घे आणि माझ्याबरोबर लिही.

हरलेले चार सामने आधी. दोन गुणांनी, एका गुणाने, तीनने, पुन्हा दोनने. बेरीज आठ. आता जिंकलेले. चौदाने, अकराने, सतराने, सहाने. बेरीज अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीसातून आठ गेले, राहिले चाळीस. आठ सामन्यांनी भाग, अधिक पाच. म्हणजे तुमची टीम दर सामन्याला समोरच्यापेक्षा सरासरी पाच गुण जास्त करते. याला गुणफरक म्हणतात. दम नसलेल्या टीमचा गुणफरक असा नसतो, राणी.

आयपीएलमध्ये दोन संघांचे गुण सारखे झाले की आपण नेट रनरेट बघतोच ना? प्रो कबड्डीत तर कितीतरी हंगाम सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्या संघालाही एक गुण मिळायचा. 'हरला, पण तोडीस तोड खेळला' हे ज्यांनी तो नियम केला त्यांना ठाऊक होतं. आपल्या बास्केटबॉलच्या तक्त्यात मात्र एका गुणाचा निसटता विजय आणि तीस गुणांचा धुव्वा शेजारी शेजारी बसतात, दोघांनाही 'जिंकले' एवढीच पाटी. त्या पाटीमुळे बरंच काही झाकलं जातं.

शेवटच्या सेकंदाला बॉल रिंगवर आपटून आत पडला की बाहेर, एवढ्यावर निसटता सामना ठरतो. त्यात कसब असतं, पण नशिबाचा वाटाही मोठा असतो. चौदा गुणांनी जिंकायला मात्र चाळीस मिनिटं चांगलं खेळावं लागतं. पुढे काय होणार याचा अंदाज बांधताना म्हणूनच जिंकलेले-हरलेले सामने मोजण्यापेक्षा गुणफरक बघणं बहुधा जास्त भरवशाचं ठरतं.

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेत बिल जेम्स नावाच्या अभ्यासकाने आधी बेसबॉलमध्ये दाखवलं की केलेल्या आणि दिलेल्या धावांवरून संघ किती सामने जिंकेल याचा अंदाज बांधता येतो. पुढे डॅरिल मोरीने ते सूत्र बास्केटबॉलला लावलं. हाच मोरी नंतर ह्यूस्टन रॉकेट्सचा जनरल मॅनेजर झाला. सूत्रात घातांक वगैरे आहेत, तो त्रास तुला देत नाही. एनबीए या तिथल्या बास्केटबॉल लीगच्या ८२ सामन्यांच्या हंगामासाठी सोपा हिशेब असा: शून्य गुणफरक म्हणजे ४१ विजय. वरच्या प्रत्येक एका गुणामागे साधारण अडीच ते पावणेतीन विजय वाढव.

मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सवर लावून बघ. १९९५-९६चा त्यांचा गुणफरक अधिक १२.२. या सोप्या हिशेबाने साधारण ७२ ते ७५ विजय, प्रत्यक्षात जिंकले ७२, आणि करंडकही नेला. दुसऱ्या टोकाला २०२२-२३ची मायामी हीट. ४४ सामने जिंकले, पण गुणफरक शून्याच्याही खाली, उणे ०.३. काठावरचे कितीतरी सामने त्यांनी खेचून आणले होते. तरीही प्लेऑफमध्ये आठव्या क्रमांकावरून थेट अंतिम फेरी गाठली त्यांनी, आणि तिथे डेन्व्हरकडून चार-एक हरले. गुणफरक शक्यता सांगतो गं, भविष्य नाही सांगत.

२० जून २०१६ची सकाळ आठवते? सोमवार होता. विदर्भातल्या शाळा अजून उघडायच्या होत्या, म्हणून पहाटे साडेपाचला आईने तुलाही टीव्हीसमोर बसू दिलं होतं. वॉरियर्स विरुद्ध कॅव्हेलिअर्स, एनबीएच्या अंतिम मालिकेतला सातवा सामना. वॉरियर्सनी त्या हंगामात ७३ सामने जिंकून बुल्सचा विक्रम मोडला होता. सगळे म्हणत होते, असा संघ झाला नाही. पण गुणफरक बघ, अधिक १०.८. त्याच वर्षीच्या सॅन अँटोनियो स्पर्सचा अधिक १०.६, आणि ते दुसऱ्याच फेरीत बाहेर पडले होते. विजय ७३ आणि ६७, पण ताकद जवळपास सारखी. अंतिम मालिकेत सहा सामने झाले तेव्हा दोन्ही संघांचे एकूण गुण किती होते, माहीत आहे? ६१० आणि ६१०. सातवा कॅव्हेलिअर्सनी ९३-८९ असा जिंकला. सात सामन्यांची लढाई आणि फरक चार गुणांचा! ३-१ने पुढे असलेला संघ हरला म्हणून जग त्यांना नावं ठेवत होतं. तू रडलीस, कारण तुला वॉरियर्सचा स्टेफ करी आवडायचा. तेव्हा तुला हे सांगायला हवं होतं की इतक्या बारीक फरकाने हरलेला संघ मोडलेला नसतो. पुढच्या वर्षी तेच जिंकले ना?

आता एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही. मी कॉलेजच्या टीमची कॅप्टन होते त्या वर्षी आमचं उलटं झालं. सलग पाच सामने आम्ही एक-दोन-तीन गुणांनी जिंकलो. सगळीकडे कौतुक, 'या मुली शेवटपर्यंत हार मानत नाहीत.' मलाही तेच खरं वाटलं. पण पाच सामन्यांत एकदाही आम्ही समोरच्यांना स्पष्टपणे मागे टाकलेलं नव्हतं. पहिल्या पाचजणींनंतर बेंचवर कोणी तयार नव्हतं आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही दरवेळी धापा टाकायचो. विजयाच्या पाटीखाली ते कुणी पाहिलं नाही, मीही नाही. मोठ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत आमचा धुव्वा उडाला. हार मला इतकी लागली नाही; लागलं ते हे, की ती येताना दिसत होती आणि मी बघितली नव्हती. तू आज ज्या निसटत्या पराभवांनी खचतेस, त्यांच्याकडे मी म्हणूनच वेगळ्या नजरेने बघते.

पण आंधळेपणाने गुणफरकावर भरवसा ठेवू नकोस. काही गोष्टी लक्षात असू देत.

पहिली म्हणजे एखादा वेडावाकडा सामना सगळा हिशेब बिघडवतो. २ डिसेंबर २०२१ला मेम्फिस ग्रिझलीजनी ओक्लाहोमा सिटी थंडरला १५२-७९ असं ७३ गुणांनी हरवलं. एनबीएच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा फरक. त्या एका रात्रीने थंडरची अख्ख्या हंगामाची सरासरी जवळजवळ एका गुणाने खाली आणली. तुझे तर आठच सामने झालेत. तो सतरा गुणांचा विजय बाजूला ठेवूनही बेरीज करून बघ. तरी अधिकच राहतं, केलं मी. आणि त्याच थंडरने २०२४-२५मध्ये अधिक १२.९ असा विक्रमी गुणफरक करून करंडक उचलला, हेही ध्यानात ठेव. एका रात्रीवरून कुणाचं काही ठरत नसतं.

दुसरी, समोर कोण होतं आणि कुणाच्या कोर्टवर. कच्च्या टीमला वीसने हरवणं आणि तगड्या टीमकडून दोनने हरणं, यांत मला दुसरं जास्त आश्वासक वाटतं.

तिसरी, शेवटची पाच मिनिटं. वीस गुणांची आघाडी असली की सर बेंचवरच्या मुलींना उतरवतात, त्यात फरक घटतो किंवा फुगतो. त्या मिनिटांवरून टीम जोखू नये.

चौथी, टीम बदलते. १९९४-९५मध्ये ह्यूस्टन रॉकेट्स ४७ सामने जिंकून सहाव्या क्रमांकावर होते, गुणफरक जेमतेम अधिक दोन. पण फेब्रुवारीत क्लाइड ड्रेक्सलर संघात आला होता आणि हकीम ओलाजुवान होताच. करंडक त्यांनीच नेला. तुमची पॉइंट गार्ड मुलगी पाय मुरगळून तीन सामने बाहेर होती ना? त्या तीन सामन्यांखाली रेघ ओढ आणि वेगळे मोज.

आणि शेवटची, हात जोडून सांगते. फरक वाढवायचा म्हणून समोरच्याचा अपमान करू नकोस. नोव्हेंबर २०२३मध्ये एनबीएच्या नव्या चषकात पुढच्या फेरीसाठी बोस्टन सेल्टिक्सना शिकागोला किमान २३ गुणांनी हरवायचं होतं. मोठी आघाडी असतानाही त्यांनी फ्री थ्रोमध्ये कच्च्या असलेल्या खेळाडूला मुद्दाम फाउल केले आणि २७ गुणांनी जिंकले. नियमात ते बसत होतं, पण बघवत नव्हतं. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या अधिकृत क्रमवारीत याच भीतीने आधी दहा गुणांपलीकडचा फरक मोजत नसत, पुढे तो घटकच काढून टाकला. तू दहाच्या वरचं सगळं दहाच धर, बरं राहील.

आता वहीत एक तक्ता कर. समोर कोण, कोर्ट कुणाचं, तिसऱ्या क्वार्टरअखेर फरक किती, शेवटी किती, कोण खेळू शकलं नाही. सामना संपल्यावर लगेच लिही, रडू आलं तरी लिही. आणि सरांना दाखव. तुमच्या चारही पराभवांत तिसऱ्या क्वार्टरपर्यंत तुम्ही पुढे होतात, असं तूच मागे म्हणाली होतीस. मग दमाचा प्रश्न नाहीये, शेवटच्या मिनिटांत बॉल कुणाच्या हातात द्यायचा याचा आहे. तो सरावाने सुटतो.

चूक माझीही आहे. दर शनिवारी फोन केला की माझा पहिला प्रश्न असतो, "जिंकलात का?" त्या प्रश्नानेच तुला चार वेळा 'नाही' म्हणायला लावलं. या शनिवारी मी आधी विचारेन, "कितीने?" तू मला आकडा सांग, मग आपण दोघी मिळून बेरीज करू.